‘घरीच असते’ म्हणजे काय करते?
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. मंडळात आजवर मी भजनाला बसले, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीला चकल्या पाडल्या, हिशेबाच्या वहीवर सह्या केल्या. परंतु माइकसमोर उभी राहण्याचा प्रसंग आज पहिलाच. चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही कोर्टात उभ्या राहिलात ना, मग इथे काय भीती? तेच सांगा.” म्हणून तेच सांगणार आहे. बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही सर्व घर अक्का म्हणत असू, त्या 2018 साली हमरस्त्यावर अपघातात गेल्या. दळण घेऊन रस्ता ओलांडत होत्या, मागून ट्रक आला. आपल्यापैकी पुष्कळजणी तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या, त्यामुळे त्या दिवसाबद्दल मी आज अधिक सांगत नाही. वय त्यांचे पंचेचाळीस. मागे भाऊजी, कॉलेजात जाणारा मुलगा, दहावीची मुलगी आणि आमच्या सासूबाई.

पुढे ट्रकच्या विमा कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. तारखा पडत गेल्या. भाऊजींची साक्ष झाली तेव्हा मी मागच्या बाकावर सासूबाईंना घेऊन बसले होते. कंपनीचे वकील मोठे गोड बोलणारे. त्यांनी विचारले, “आपल्या पत्नी नोकरी करीत होत्या का?” भाऊजी म्हणाले, “नाही.” “शिवणकाम, दुधाचा धंदा, खानावळ, असे काही?” “नाही.” “मग त्या काय करीत होत्या?” भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “काही नाही साहेब. घरीच असायच्या.”

भगिनींनो, भाऊजी वाईट मनुष्य नव्हेत. अक्का गेल्यावर वर्षभर त्यांना अन्न गोड लागले नाही. परंतु चोवीस वर्षांच्या संसारात जिच्या हातचे जेवले, जिने त्यांच्या वडिलांचे शेवटच्या आजारात सगळे काढले, ती काय करीत होती असे विचारल्यावर त्यांच्या तोंडून तेवढेच निघाले. कारण आपण सर्वजण तसेच बोलतो. मला कोणी विचारले असते तर मीदेखील तेच सांगितले असते. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात मी स्वतः कितीदा ‘काही नाही’ असे लिहून दिलेले आहे.

आमच्या वकीलबाई बाहेर आल्यावर भाऊजींवर रागावल्या. कंपनीचे म्हणणे असे होते की, अक्कांच्या कामाचे मोल फार तर महिना तीन हजार रुपये धरावे. हा तीन हजारांचा आकडा त्यांनी कोठून आणला, हे वकीलबाईंनी मला समजावून सांगितले, ते आपणही ऐकण्यासारखे आहे.

1989 सालच्या मार्च महिन्यात जमशेदपूरला एका पोलाद कारखान्याच्या समारंभात मंडपाला आग लागली. साठ माणसे गेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच होती. भरपाई ठरविण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपविले होते. गृहिणीच्या कामाचे मोल त्यांनी वर्षाला बारा हजार, म्हणजे महिना एक हजार धरले. पुढे 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ते कमी आहे असे म्हणून महिना तीन हजार केले. म्हणजे तो आकडा वाढवून दिलेला होता, आणि आगीत गेलेल्या बायकांसाठी दिलेला होता. आमचे प्रकरण 2018 चे. तरी अक्कांच्या वाट्याला तो जुनाच आकडा ठेवला जात होता. गॅसच्या टाकीचा भाव 2001 चा लावा असे आपण दुकानदाराला म्हटले तर तो देईल का?

वकीलबाई म्हणाल्या, “घरातले कोणी तरी उभे राहून त्या दिवसभर काय करीत, हे सांगायला पाहिजे. पुरुष सांगू शकणार नाही.” सासूबाईंना ऐकू कमी येते. तेव्हा मी.

मग आम्ही दोघी सासूसुना एका दुपारी कागद घेऊन बसलो. मला वाटले पाच मिनिटांत होईल. पहाटे नळाला पाणी येते, ते भरणे. सासऱ्यांचे असताना त्यांचे पुसणे-बदलणे, आणि नंतर सासूबाईंच्या पायाला तेल. चार डबे. कपडे, भांडी, केर. दळण, निवडणे, वर्षाचे तिखट, हळद, पापड, कुरडया. लाइट बिल, रेशन, शाळेतल्या पालकसभा. कोणाचे बारसे, कोणाचे दहावे, कोठे काय न्यायचे. मुलीला घोकून घेणे. सासूबाई मध्येच म्हणत, “हे पण लिही गं.” फुलस्केपचे दोन कागद दोन्ही बाजूंनी भरले आणि संध्याकाळ झाली, चहा करायला उठावे लागले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हे आता कोण करतंय?” कारण त्यातले निम्मे मी करीत होते आणि निम्मे होतच नव्हते.

साक्षीत मी ते सगळे शपथेवर सांगितले. आवाज कापत होता. ते वकील मला म्हणाले, “हे सर्व तुम्हीही तुमच्या घरी करता?” मी म्हटले, “होय.” “त्याचे तुम्हाला किती पैसे मिळतात?” मी म्हटले, “काही नाही.” “झाले तर मग,” असे म्हणून ते हसले आणि खाली बसले. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. घरी येईपर्यंत एस.टी.त मी तोच विचार करीत होते.

त्याचे उत्तर मला पुढे निरनिराळ्या ठिकाणी सापडले. काही वकीलबाईंनी दिलेल्या निकालांत, काही आमच्या थोरलीने मोबाइलवर सरकारी अहवाल वाचून मला मराठीत सांगितले त्यांत. ते आज आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट अशी, की आपण कोणत्या रकान्यात आहोत. नोकरी-रोजगाराची जी सरकारी पाहणी होते, तिच्यात प्रत्येक माणसाला एक आकडा देतात. जी फक्त घरकाम करते तिचा आकडा 92. आणि जी घरकामाबरोबर सरपण गोळा करते, जनावराला वैरण आणते, घरासाठी शिवते-विणते, तिचा 93. हे दोन्ही आकडे ‘कामकरी’ लोकांत धरीत नाहीत, काम शोधणाऱ्यांतही धरीत नाहीत. आपली शांताबाई डोंगरावरून मोळी आणते, ती 93, म्हणजे काम न करणारी! मोळी विकली असती तर कामकरी झाली असती.

2010 सालच्या एका निकालात न्यायमूर्ती गांगुली यांनी यावर फार स्पष्ट लिहिले आहे. 2001 च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या सुमारे 36 कोटी बायका ‘काम न करणाऱ्यां’त घातल्या आणि त्याच रकान्यात भिकारी, वेश्या आणि कैदी होते. हे वाचल्यावर मला राग आला, आणि नंतर हसूही आले. कैद्याला निदान आयते जेवण मिळते.

पिगू नावाचे एक इंग्रज अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ही गंमत दाखवून दिली होती. एखाद्या माणसाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर त्या दिवसापासून देशाचे उत्पन्न तिच्या पगाराइतके घटते. स्वयंपाक तोच, चूल तीच, बाईही तीच. फक्त पगार बंद झाला, म्हणून काम नाहीसे झाले. याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईतले. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, तोच आजचा लिज्जत पापड. त्या बायकांनी नवीन काही शिकून घेतले नव्हते. आदल्या दिवशी तोच पापड घरात लाटला तर ते काम नव्हते.

आता हे मोजावे कसे, यावर विद्वान लोकांनी बरीच वर्षे डोके चालविलेले आहे. 1974 साली स्त्रियांच्या स्थितीचा मोठा सरकारी अहवाल निघाला. त्याच वर्षी मुंबईत नाथीबाई ठाकरसी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधन करणारे केंद्र सुरू केले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत देवकी जैन यांनी राजस्थान आणि बंगालमधील खेड्यांत जाऊन बायकांचा वेळ कसा जातो याची नोंद केली. बाई काय करते असे विचारू नका, तिचा वेळ कोठे जातो ते विचारा, अशी ही पद्धत. मला ती फार पटली. कारण ‘काय करता?’ म्हटले की आपण ‘काही नाही’ म्हणतो. पण ‘काल सकाळी सहा वाजता काय करीत होता?’ असे विचारले तर ‘काही नाही’ म्हणता येत नाही. 1998-99 मध्ये सरकारने सहा राज्यांत अशी पाहणी करून पाहिली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. सर्व देशभर ती प्रथम 2019 साली झाली आणि पुन्हा 2024 साली.

2024 च्या पाहणीत आमच्या घराचा नंबर लागला. एक मुलगी हातात टॅब घेऊन आली. आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला काय केले ते सांगावयाचे. सहा वर्षांवरील प्रत्येकाने. आमच्या यांचे दहा मिनिटांत उरकले. उठले, चहा, पेपर, अंघोळ, दुकान, जेवण, झोप, दुकान, टीव्ही, झोप. माझे पाऊण तास झाला तरी संपेना. मुलीने विचारले, “काकू, साडेसहा ते सातमध्ये काय केले?” मी म्हटले, कणीक मळली, तेव्हा दूध गॅसवर होते, तिकडे लक्ष, सासूबाईंना गोळी दिली, धाकट्याला दोनदा हाक मारली, यांचा रुमाल शोधून दिला, भाजीवाली आली तिच्याकडून मेथी घेतली. ती म्हणाली, “काकू, एका अर्ध्या तासात तीनच घेता येतात, आणि दहा मिनिटांच्या वरचीच.” म्हणजे रुमाल गेला, गोळी गेली, हाक गेली. दुधावर लक्ष ठेवणे हे तर कोणत्याच आकड्यात बसत नव्हते. बिचारी ती तरी काय करणार? तिला तसेच शिकवलेले. मी तिला चहा दिला, तिने तो अर्ध्या तासाचा भाग म्हणून लिहिला की नाही, देव जाणे.

तेव्हा आता जे आकडे मी सांगणार आहे ते असे रुमाल आणि गोळ्या वगळून आहेत हे लक्षात असू द्या. 2019 साली देशात शंभरांतल्या 81 बायका दिवसातून काही ना काही बिनपगारी घरकाम करीत होत्या, पुरुष 26. ज्या बायका करीत होत्या त्यांचा वेळ सरासरी 299 मिनिटे, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुष 97 मिनिटे. पुन्हा सांगते, हे 97 मिनिटे सगळ्या पुरुषांचे नव्हेत, त्या 26 जणांचे. उरलेले 74 या हिशेबात नाहीतच. 2024 साली बायकांचे 289 झाले आणि पुरुषांचे 88. आपले दहा मिनिटांनी उतरले तर त्यांचेही नऊ मिनिटांनी उतरले! मिक्सरने आणि वॉशिंग मशीनने काही वाचले असेल, पण जे वाचले ते दोघांचेही वाचले असे दिसते. आणि मुलांचे, म्हाताऱ्यांचे, आजाऱ्याचे करणे हे यात नाही, ते निराळे मोजतात. 2024 मध्ये पंधरा ते एकोणसाठ वयाच्या शंभरांतल्या 41 बायका ते करीत होत्या, त्यांना दिवसाला 140 मिनिटे लागत होती. पुरुष 21, आणि 74 मिनिटे.

तुम्ही म्हणाल, आकडे मोजून काय मिळाले? पोळ्या तर तेवढ्याच लाटायच्या. मलाही तसेच वाटत होते. पण 2019 चे हेच 299 आणि 97 चे आकडे 5 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आले. दिल्लीतील एक तरुण जोडपे 2014 साली अपघातात गेले होते, मागे लहान मुली आणि आजी-आजोबा. न्यायमूर्ती रमणा यांनी त्यात घरकामाच्या मोलाबद्दल स्वतंत्र लिहिले, आणि 2011 च्या जनगणनेत सुमारे सोळा कोटी बायकांनी घरकाम हेच मुख्य काम म्हणून सांगितले होते हेही त्यात घातले. त्या मुलींची भरपाई 22 लाखांवरून 33 लाख 20 हजार झाली. कोणी तरी दारोदार फिरून अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब लिहून घेतला होता, तो असा तेथे पोहोचला. आमच्या वकीलबाईंनी हाच निकाल अक्कांच्या प्रकरणात पुढे केला.

मोल काढण्याच्या तीन रीती त्या निकालात दिल्या आहेत. त्या मी वकीलबाईंकडून दोनदा समजावून घेतल्या. एक, ही बाई घरी न राहता बाहेर कामाला गेली असती तर किती कमावले असते? यात डॉक्टरीणबाईंच्या पोळीचे मोल जास्त आणि माझ्या पोळीचे कमी, कारण मी सातवी पास. दुसरी, संसार ही दोघांची भागीदारी, म्हणून नवऱ्याच्या मिळकतीत निम्मा वाटा तिचा. हे कानाला बरे वाटते. पण मजुराच्या बायकोने काय कमी पाणी भरले? उलट तिने लांबून आणले. तिसरी, हीच कामे पगारी माणसांकडून करून घेतली तर काय पडेल ते जोडावे. ही मला सर्वांत सरळ वाटली होती. म्हणून एका रात्री मी आपल्या गावातले दर धरून हिशेब मांडला. भांडीवाली, धुणेवाली, पोळ्या करणारी, म्हाताऱ्यांजवळ बसणारी. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आपणच आपल्या कामवालीला इतके थोडे देतो की त्या दराने माझेही मोल थोडेच निघते. सुट्टी घेतली तर तिचे पैसे कापा असे मी स्वतः म्हटलेले आहे. हा हिशेब त्या रात्री मी पुरा केला नाही.

एक निकाल 2024 च्या फेब्रुवारीतला आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घर सांभाळणाऱ्या बाईचे उत्पन्न रोजंदारीच्या मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही. तो निकाल आमच्या वेळी असता तर बरे झाले असते. आमचा निकाल 2022 साली लागला. अक्कांचे मोल महिना आठ हजार धरले. तीन हजारांवरून आठ हजार, हे काही थोडे नव्हे, आणि त्यातूनच मुलीचे शिक्षण चालू आहे. पण त्या आठ हजारांतून चौथा हिस्सा वजा केला. विचारले तर कळले, मयत माणूस जिवंत असता तर आपल्या मिळकतीतले काही स्वतःवर खर्च करीत असे, तो भाग मागे राहिलेल्यांना द्यावयाचा नसतो. घरात चार माणसे मागे असली की चौथा हिस्सा, असा नियमच आहे, सर्वांना सारखा. नियम असेल. मी अक्कांबरोबर एका घरात एकवीस वर्षे काढली. तिने स्वतःवर महिन्याला दोन हजार खर्च केलेले मला कधी दिसले नाहीत. दिवाळीची साडीसुद्धा ती पाडव्यानंतर, भाव उतरल्यावर घेत असे.

आमच्या घरात काय बदलले असे चिटणीसबाईंनी विचारले होते. फार काही नाही. भाऊजी आता स्वतःचे ताट घासतात आणि पहाटेचे पाणी तेच भरतात. ते आधीही भरता आले असते, असे सासूबाई त्यांच्या तोंडावर म्हणतात. माझी पुतणी कॉलेजच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात काही लिहीत नाही, रकाना मोकळा सोडते. आमच्या यांना मी ते 299 आणि 97 सांगितले तर म्हणाले, “मी त्या 26 मधला आहे, रविवारी बाजार कोण आणतो?” ते खरे आहे, ते मी मान्य करते.

सरकारचे दीड हजार दरमहा येऊ लागले, 2024 पासून, तेव्हा काही भगिनी म्हणाल्या की हाच आता घरकामाचा पगार. मला तसे वाटत नाही. ती मदत आहे, आणि ज्यांना मिळते त्यांना तिचा उपयोग होतो. पण ती आपण काय काम करतो ते मोजून दिलेली नाही. मोजण्याचे काम अजून ती टॅबवालीच करते आहे, आणि तिच्या टॅबात दुधावर लक्ष ठेवण्याला जागा नाही. पुढच्या वेळी तुमच्यापैकी कोणाच्या घराचा नंबर लागला, तर तिला बसवून घ्या, घाई करू नका, आणि पुरुषमंडळींना शेजारी बसवा. आमचे हे माझा पाऊण तास ऐकत बसले होते. ‘एवढे?’ असे त्यांनी दोनदा म्हटले.

माझे सांगणे झाले. मघापासून आत कपबशा वाजत आहेत. चहा आणि उपमा करणाऱ्या पाचजणी तीन वाजल्यापासून स्वयंपाकघरात आहेत, त्यांना यातले काहीच ऐकू आले नसेल. त्यांची नावे या वर्षी स्मरणिकेत छापावी अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे.